झाकलेले खिळे

मिस युलालीच्या नव्या छपरात चार हजारांच्या आसपास खिळे होते आणि त्यातला एकही दिसत नव्हता. सोमवारी सकाळी नऊ वाजता सगळं घोडं तिथंच अडलं.

तपासनीस प्रुइटसाहेब शिडीवरून उतरले, हात झटकले आणि म्हणाले, "छप्पर फार छान झालंय, बाई. आता खिळे दाखवा."

"आत आहेत."

"कशाच्या आत?"

"छपराच्या. आणखी कशाच्या असणार?"

"ते मलाही कळतं. पण मला ते दिसायला हवेत."

"खिळे दिसायला हवेत?" मिस युलालीनं (इकडे लग्न झालेल्या थोरल्या बाईलाही 'मिस'च म्हणतात) एप्रनला हात पुसले. "अहो साहेब, खिळा दिसला की तिथून पाणी गळतं. माझ्या सासऱ्यांनी मला लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलंय हे. तुमच्याकडे उलटं असतं का?"

प्रुइटसाहेब राज्याच्या उत्तरेकडचे. तिकडची माणसं सरळ असतात, पण जेवणात तिखट कमी घालतात आणि बोलण्यात तर घालतच नाहीत. त्यांनी शांतपणे हातातला फॉर्म उलगडला. जुनं छप्पर काढायचं, खालच्या फळ्या अंगावर वळ्या असलेल्या खिळ्यांनी ठोकायच्या, दोन फळ्यांमधल्या प्रत्येक फटीवर चिकटपट्टी लावायची आणि मग थांबायचं. तपासनीस येणार, फोटो काढणार. त्यानंतरच वर डांबरी पट्ट्या बसवायच्या. आधी फोटो, मग पांघरूण. फोटो असले तर मजबूत छपराचा दाखला मिळणार, दाखला मिळाला तर विम्याचा हप्ता उतरणार.

"आणि फोटो नसले तर?"

"तर माझ्या दृष्टीनं खिळे नाहीत," प्रुइटसाहेब म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. फॉर्मवर मात्र दिसत नव्हतं.

मिस युलाली पडवीच्या पायरीवर मटकन बसली. कारण प्रश्न नुसत्या छपराचा नव्हता.

चार वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळानं बायूच्या, म्हणजे इथल्या संथ खाडीच्या, काठावरची अर्धी घरं नेली होती. उरलेल्या घरांमधली अर्धी माणसं नंतर विम्यानं नेली. मिस युलालीची पहिली विमा कंपनी राज्य सोडून पळाली, दुसरी बुडाली आणि तिसरीनं दर वर्षी हप्ता वाढवल्याचं असं पत्र पाठवायला सुरुवात केली की, पोस्टमननं ते देताना मयतात काढतात तशी डोक्यावरची टोपी काढावी. मुलगी मोनिक वादळानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी ह्यूस्टनला गेली ती तिकडचीच झाली. सोबत नात कोरा. जानेवारीत मोनिकनं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "मम्मा, या वर्षी हप्ता खाली आला नाही तर घर विकायचं. तू माझ्याकडे यायचं. तिसऱ्या मजल्यावर आहे, पण लिफ्ट आहे."

लिफ्ट! मिस युलालीला लिफ्टशी वैर नव्हतं. पण तिचा नवरा क्लोविस याच घरात गेला होता, मोनिक याच घरात रांगली होती. आणि खरं कारण तर तिनं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. हे घर गेलं, तर मोनिकला परत यायला जागा उरणार नव्हती. मुलगी चार वर्षांत तीनदा आली होती, तीही दोन-दोन दिवसांसाठी. पण घर होतं म्हणून निदान आली होती. माणूस विकलेल्या घरी सुट्टीला येत नाही.

म्हणून तिनं छपराचा अर्ज करू दिला. अर्ज मोनिकनं भरला, ईमेल मोनिकचा, सही मिस युलालीची. काम भाच्याकडे, लेरॉयकडे. त्याच्याकडे असली छपरं घालायचा परवाना होता. ठरलं असं: शनिवारी जुनं छप्पर काढून फळ्या ठोकायच्या, पट्ट्या चिकटवायच्या, सोमवारी तपासनीस, मंगळवारी वरचा थर. सोपं होतं.

पण इकडची पद्धत अशी की, कुणाच्या घराला हातोडी लागली की सगळ्यांनी हात द्यायला जायचं. बोलावण्याची वाट बघायची नाही. शनिवारी सकाळी लेरॉयची दोन माणसं यायच्या आत अंगणात पंधरा जण उभे होते, आणि सगळ्यांच्या पुढे हर्मन. हर्मन कोळंबीची बोट चालवतो, आणि बोट किनाऱ्याला असली की दुसऱ्यांची घरं चालवतो. आणि त्या पंधरांत, पहाटेच ह्यूस्टनहून कोराला घेऊन गाडी हाकत आलेली मोनिक! आईला न सांगता आली होती. बापाची जुनी टोपी डोक्यावर उलटी घालून ती सरसर शिडी चढली, तेव्हा मिस युलालीच्या हातातला डाव गंबोच्या दाट रश्शाच्या पातेल्यात पडला आणि तिनं तो तासभर काढलाच नाही.

शनिवारी फळ्या ठोकून झाल्या, पट्ट्या चिकटल्या. लेरॉयनं सगळ्यावर ताडपत्री ओढली. रविवारी सकाळी त्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या. तो गाडीत बसता बसता ओरडला, "आता छपराला हात लावू नका! राहू दे! उरलेलं मी बघतो!"

इथंच घोळ झाला. कारण बायूवर "राहू दे, मी बघतो" असं कुणी म्हणालं की त्याचा अर्थ "माझ्याच्यानं एकट्यानं होणार नाही, लवकर या" असा घेतात. पिढ्यान् पिढ्या असाच घेतात. त्यातून रविवारी दुपारी चर्चमधून परतताना दक्षिणेकडे ढग दिसले.

"बिचाऱ्याच्या घरी बाळ येतंय," हर्मन म्हणाला, "आणि आपण मिस युलालीचं छप्पर उघडं टाकून जेवायला जायचं? लाज नाही वाटायची?"

लाज सगळ्यांनाच वाटली. चर्चचे कपडे काढून माणसं पुन्हा शिडीवर चढली आणि अंधार पडायच्या आत शेवटची डांबरी पट्टी बसली. पाऊस आलाच नाही. मुलगी मात्र झाली, सात पौंडांची.

त्याच संध्याकाळी मोनिक आणि कोरा निघाल्या. मिस युलाली रस्त्यावर उभी राहून गाडीचे लाल दिवे पुलापलीकडे जाईपर्यंत बघत राहिली. आत आली, तर कोचाखाली कोराचा एक मोजा पडलेला. पिवळा, जेमतेम वीतभर. तिनं लगेच फोन लावला.

"अगं, मोजा राहिला."

"राहू दे मम्मा. पोस्टानं पाठव कधीतरी."

"पोस्टात हरवतात. तू येऊन घेऊन जा."

"एका मोज्यासाठी सहा तास गाडी चालवू?"

"चांगला मोजा आहे गं," मिस युलाली म्हणाली, आणि दोघी हसल्या. मग एक जण हसायची थांबली.

तर सोमवार. बातमी वाऱ्यासारखी पसरली आणि दहाच्या सुमारास अख्खी टोळी अंगणात जमली. हर्मननं तपासनिसाच्या नाकाखाली आपला अंगठा धरला. त्यावर हे एवढं बँडेज.

"हा बघा पुरावा! खिळे ठोकले नाहीत, मग हा काय नाचताना सुजला?"

"अंगठ्याचा फोटो चालत नाही," प्रुइटसाहेब म्हणाले.

कुणीतरी वाकड्या खिळ्यांचा डबा आणला. "वाकडे इतके, म्हणजे सरळ किती असतील, हिशेब करा!" चर्चमधल्या मिस अर्लीननं घरून बायबल आणलं आणि एकेकानं त्यावर हात ठेवून शपथेवर सांगायची तयारी दाखवली. लेरॉय इस्पितळातून तसाच आला होता. डोळे लाल, शर्टावर बाळाच्या दुधाचा डाग. छप्पर पाहून आधी त्याचा विश्वास बसेना, मग रडू आवरेना.

"माझा तुमच्या सगळ्यांवर विश्वास आहे," प्रुइटसाहेब घाम पुसत म्हणाले. "पण माझ्या फॉर्मवर विश्वास नावाचा रकाना नाही."

ते माळ्यावर चढले, विजेरी मारून खिळ्यांची टोकं बघून आले. टोकं होती. पण टोकावरून अंगावरच्या वळ्या कळत नाहीत आणि वरची चिकटपट्टी तर खालून दिसतच नाही. शेवटी त्यांनी लिहून दिलं: छप्पर पुन्हा उघडावं, फोटो द्यावेत. महिना संपायच्या आत. नाहीतर अर्ज रद्द.

सगळे गेल्यावर मिस युलालीनं मोनिकला फोन लावला आणि बोलायच्या आधीच हुंदका फुटला.

"सगळं मुसळ केरात गेलं गं! पुन्हा उघडायचं म्हणतात. सगळं छप्पर! आता कुणाला तोंड दाखवू? विकून टाक हे घर. मी येते तुझ्या त्या लिफ्टमध्ये राहायला…"

"मम्मा, लिफ्टमध्ये नाही राहायचं. आणि रडू नकोस. उघडायचं तर उघडू. मी शुक्रवारी सुट्टी टाकते. शनिवारी पुन्हा येऊ सगळे."

मिस युलालीचा हुंदका नळ बंद केल्यासारखा थांबला.

"तू येशील?"

"येईन ना."

"कोराला आणशील?"

"तिला काय इथं ठेवून येऊ?"

"रविवारी कधी निघणार? दुपारी की संध्याकाळी?"

"मम्मा, छपराबद्दल बोलत होतो आपण."

"हो हो, छपराचं फारच वाईट झालं," मिस युलाली म्हणाली. फोन ठेवला, तोंड धुतलं आणि कोरा झोपते त्या खाटेची चादर बदलायला घेतली. दुपारी लेरॉय माफी मागायला आला, तेव्हा मावशी ओट्याशी उभी राहून गाणं गुणगुणत होती.

"मावशी, तू बरी आहेस ना?"

"दुःखात आहे रे. बस, केक खा."

लेरॉय घाबरला आणि केक खाऊन गेला.

बुधवारी दुपारी दारावर टकटक झाली. दारात ओविद गाल्जूर. मिस युलालीनं दार अर्धंच उघडलं.

ओविद गाल्जूर शेजारी. वादळानंतर त्यानं आपलं घर खांबांवर चढवलं. इकडे सगळेच चढवतात, पण दहा फूट, बारा फूट. ओविदनं अठरा फूट चढवलं. बावीस पायऱ्या. त्याचा सज्जा थेट मिस युलालीच्या छपराच्या वर आला. विधुर माणूस, दिवसभर तिथं बसून मोठ्या लेन्सच्या कॅमेऱ्यानं पाणकोळ्यांचे फोटो काढायचा. मिस युलालीचं म्हणणं, पाणकोळी दक्षिणेला असतात, मग लेन्स माझ्या स्वयंपाकघराकडे कशाला? एकदा तिनं अंगणातून ओरडून विचारलंही होतं, "उंटावरून शेळ्या हाकताय का?" तेव्हापासून साडेतीन वर्षं बोलणं बंद.

"हे घ्या," ओविदनं एक जाड पाकीट पुढे केलं.

"काय आहे?"

"तुमचे खिळे."

पाकिटात फोटो होते. शनिवारचे. वरून, अगदी जवळून घेतल्यासारखे. फळ्यांवर खिळ्यांच्या रांगा, माथे मोजता येतील असे. हातात धरलेला खिळा, त्याच्या अंगावरच्या वळ्या. चंदेरी चिकटपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ.

मिस युलालीनं तारीख दोनदा वाचली. "पण तुम्ही… हे कशाला काढले?"

"तक्रार करायला," ओविद सरळ म्हणाला. "तुमच्या जुन्या छपराचे तुकडे माझ्या संत्र्याच्या झाडांत पडले. रविवारी माझ्या झोपेच्या वेळी ठोकाठोक केलीत. म्हणून सगळे फोटो जोडून अर्ज लिहिला आणि सोमवारी सकाळी तपासनिसांच्या ऑफिसात टाकून आलो. तिथं वर्षभर कोण उघडतं म्हणा. नंतर तुमचं कळलं. वाईट वाटलं. या दुसऱ्या प्रती तुमच्यासाठी."

"दोनच कारणं?"

"म्हणजे?"

"तिसरं आहे. तुमच्या तोंडावर दिसतंय."

ओविदनं टोपी या हातातून त्या हातात घेतली. "पंधरा माणसं जेवली तुमच्या अंगणात. मला बोलावलं नाही. गंबोचा वास वर येतो, बाई. अठरा फूट येतो."

हात द्यायला कुणाला बोलवावं लागत नाही हे खरं, पण ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्यानं यायचं कसं, याचा विचार त्या पद्धतीत कुणी केला नव्हता.

तिनं पुढचा फोटो उचलला. त्यात खिळे नव्हते. मोनिक होती. छपराच्या कण्यावर बसलेली, उलटी टोपी, ओठांत दोन खिळे आणि तरीही हसत होती. दहा वर्षांची असताना बापाबरोबर छपरावर चढून बसायची तेव्हा हसायची, अगदी तशीच. ते हसू ह्यूस्टनच्या फोनमधून कधी आलं नव्हतं.

तो फोटो तिनं एप्रनच्या खिशात घातला. बाकीचे पाकिटात परत ठेवले. आणि मग पाकिटाकडे बघत ती तशीच उभी राहिली.

हे फोटो आज तपासनिसाला गेले, की छप्पर उघडायला नको. छप्पर उघडायचं नसलं, की शनिवार नाही. शनिवार नाही, तर…

"मिस्टर ओविद," ती हळूच म्हणाली, "हे तुम्ही कुणाला सांगितलंय?"

"माझ्याशी बोलतं कोण?"

"शनिवारपर्यंत सांगू नका."

ओविदनं तिच्याकडे पाहिलं, खाटेवरच्या नव्या चादरीकडे पाहिलं, टेबलावर एकट्याच ठेवलेल्या पिवळ्या मोज्याकडे पाहिलं. त्याचा स्वतःचा मुलगा अलास्कात होता.

"शनिवारी गंबो आहे?"

"आहे. या तुम्ही."

"सोबत बटाट्याचं सॅलड?"

"असेल."

"मग मी मुका," ओविद म्हणाला आणि बावीस पायऱ्या चढायला गेला.

पाकीट तांदळाच्या डब्यात गेलं. डब्यावर झाकण बसलं, पण मिस युलालीच्या मनावर काही बसेना. क्लोविसच्या फोटोसमोरून जाताना ती दर वेळी मान दुसरीकडे फिरवू लागली. शेवटी गुरुवारी तिनं त्याला सुनावलंच. "असा बघू नकोस. एकसुद्धा पट्टी उपटू देणार नाही मी. शनिवारी सकाळी पोरगी चहाला बसली की पाकीट काढते, सगळ्यांना गंबो वाढते, झालं. कुणाचं काही नुकसान नाही. तूही हेच केलं असतंस. तू तर खिळेच लपवले असतेस."

खबरदारी म्हणून तिनं हर्मनला फोन केला. "शनिवारी सावकाश या हं. दहा वाजले तरी चालतील. काही घाई नाही."

हर्मननं फोन ठेवला आणि बायकोला म्हणाला, "बिचारी फार टेकीला आलीय. सहालाच गेलं पाहिजे."

शुक्रवारी दिवस मावळताना मोनिकची गाडी आली. सांगायची वेळ खरं तर तीच होती. पण कोरा धावत येऊन "मॉमॉ!" म्हणून मिस युलालीच्या गळ्यात पडली, आणि पाच वर्षांच्या पोरीचे हात गळ्यात असताना कबुलीजबाब देता येत नाही. मग जेवण झालं. मग कोराला खेकड्याची गोष्ट हवी होती. मग मोनिक आईच्या खांद्यावर डोकं टेकून पडवीत बसली आणि दोघी बायूच्या पाण्याकडे बघत राहिल्या. मिस युलालीनं ठरवलं, उद्या सकाळी. उठल्या उठल्या.

उठली ती डोक्यावर पावलं वाजली म्हणून. घड्याळात सव्वासहा. ती खिडकीशी गेली. दोन शिड्या लागलेल्या. अंगणात पंधरा माणसं, लेरॉय छपराकडे बोट दाखवत उभा, आणि हर्मन वरती कण्यावर पाय रोवून, हातात पहार. बँडेज बांधलेला अंगठा वर.

"सुरू करतो रे!"

"थांबा!"

मिस युलाली झोपायच्या गाउनवर, अनवाणी, बगलेत तांदळाचा डबा घेऊन अंगणात धावली. एवढ्या जोरात ती शेवटची ओरडली होती मोनिकच्या जन्माच्या वेळी. झाकण उडालं, तांदूळ सांडले, पाकीट वर आलं.

"उपटू नको काही! फोटो आहेत! हे घे, सगळे खिळे आहेत यात!"

फोटो हातोहात फिरले. लेरॉयनं एक बघितला, दुसरा बघितला आणि शिडीच्या पायरीवर बसून त्यानं सगळ्यांसमोर देवाचे आभार मानले.

"पण हे आले कधी?" हर्मननं वरून विचारलं.

मिस युलालीनं पायांच्या बोटांकडे बघितलं. "बुधवारी."

"बुधवारी! आणि आज शनिवार! म्हणजे मी हा अंगठा घेऊन सकाळी सहाला…"

"मी तुला दहाला बोलावलं होतं!"

"दहा म्हणजे सहाच ना, मिस युलाली! तुम्ही इथल्या की बाहेरच्या?"

"पण लपवले कशाला?" लेरॉयला काही कळेना. "मावशी, चार रात्री मी झोपलो नाही. दोन बाळामुळे, पण दोन तुझ्यामुळे!"

मिस युलालीनं डबा छातीशी धरला. ती पडवीकडे बघत होती. तिथं मोनिक उभी होती, कडेवर झोपाळू कोरा. आणि मग सगळेच तिकडे बघायला लागले आणि सगळ्यांना कळलं. हर्मनलासुद्धा. त्यानं पहार खाली ठेवली.

"मम्मा," मोनिक म्हणाली, "इकडे ये."

ती आईला गाडीपाशी घेऊन गेली आणि मागचं दार उघडलं. आत खेकडे पकडायची दोन जाळी, कोराचे रबरी बूट, उन्हाची टोपी आणि एक फुगवायचं बदक होतं.

"यात हातोडी दिसते का तुला?"

मिस युलालीनं वाकून बघितलं. "नाही."

मोनिकनं पुढच्या खणातून एक कागद काढला. घडी घातलेला, वर शिक्का. मजबूत छपराचा दाखला. खाली प्रुइटसाहेबांचं टिपण: 'श्री. ओविद गाल्जूर यांच्या तक्रारीस जोडलेली छायाचित्रे अत्यंत समाधानकारक आहेत. आमच्या तपासनिसांनीही असे फोटो काढावेत. तक्रारीबद्दल आभार.'

"माझ्या ईमेलवर आला," मोनिक म्हणाली. "गुरुवारी दुपारी."

"गुरुवारी?"

"तीन वाजता."

"आणि तू शुक्रवारी निघालीस."

"निघाले."

"सहा तास."

"वाटेत गर्दी होती. सात."

मिस युलालीनं कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. "मग आलीस कशाला गं?"

मोनिक कोराच्या पायाकडे बघत होती. एक पाय उघडा, एका पायात पिवळा मोजा.

"मोजा राहिला होता ना," ती म्हणाली.

यानंतर अंगणात बराच वेळ कुणी कुणाकडे बघितलं नाही. मिस अर्लीन सांडलेले तांदूळ वेचायला बसली, हर्मनला अंगठ्याचं बँडेज एकाएकी सैल वाटायला लागलं. मग त्यानंच घसा खाकरला.

"ते सगळं ठीक आहे. पण गंबो दुपारी. आत्ता वाजलेत साडेसहा. पंधरा माणसं, पंधरा पहारी. आम्ही करायचं काय?"

"माझ्या छपराला बावीस वर्षं झाली," वरून आवाज आला.

सगळ्यांनी माना वर केल्या. अठरा फुटांवर ओविद गाल्जूर. अंगात इस्त्रीचा शर्ट, मेजवानीला साडेपाच तास आधीच तयार.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" हर्मन ओरडला.

"माझ्याशी बोलतं कोण?"

लेरॉयनं लगेच वही काढली. अर्ज पुढच्या आठवड्यात, काम पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, वादळांचा मोसम सुरू व्हायच्या आत. मोनिक म्हणाली, तिलाही जमेल, कोराची शाळा तेव्हा संपलेली असेल, चार दिवस काढता येतील. मिस युलालीनं ते 'चार' मनातल्या मनात दोनदा म्हणून बघितलं.

"पण ऐका!" लेरॉयनं शिडीवर चढून बोट रोखलं. "या वेळी मी मेलो तरी फोटो काढल्याशिवाय वर एक पट्टी बसवायची नाही. नाहीतर पुन्हा सगळं उघडायचं, पुन्हा सगळ्यांनी यायचं, पुन्हा शनिवार-रविवार. तपासनिसाच्या भरवशावर बसायचं नाही. आपला माणूस हवा. मिस्टर ओविद स्वतःच्या सज्ज्यातून स्वतःचं छप्पर कसं बघणार? जबाबदारी कोण घेतंय?"

"मी," मिस युलाली म्हणाली. इतक्या चटकन, की कोरा दचकून जागी झाली.

ओविद बावीस पायऱ्या उतरून आला. त्यानं गळ्यातला कॅमेरा काढला आणि मिस युलालीच्या गळ्यात घातला. तिनं लेन्स गाउनच्या बाहीनं पुसली, एक डोळा मिटून छपराकडे रोखून बघितलं, मग मुलीकडे, मग नातीकडे.

मोनिक तिच्याकडे जरा वेळ बघत राहिली.

"मम्मा, फोटो काढायला विसरणार नाहीस ना?"

"मी?" मिस युलाली म्हणाली. "आता वय झालं गं माझं."